रेघ उपग्रहाने ओढलेली नाही!

‘गूगल अर्थ’ उघडावे, पृथ्वीचा गोल फिरवावा, आपले गाव शोधावे आणि त्याशेजारची सीमारेषा दिसताच मान तुकवावी, ‘प्रत्यक्ष उपग्रहाने दाखविले, आता बोलायचे काय?’ हा निव्वळ भ्रम आहे! उपग्रहाने टिपली ती नदी, ते रान, ती घरांची छपरे. रेघ मागाहून माणसांनी ओढली. आणि माणसे चुकतात.

पुरावा हवा? २०१० साली निकाराग्वाचे सैनिक सान हुआन नदीच्या मुखाजवळ वादग्रस्त भूमीवर उतरले. तेथील गाळ उपसण्याच्या कामाचे प्रमुख एडेन पास्तोरा यांनी खुशाल गूगलच्या नकाशाकडे बोट दाखविले! पुढे कंपनीनेच कबुली दिली, की रेघ २.७ किलोमीटरपर्यंत चुकली होती. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१५ साली ती भूमी कोस्टारिकाची ठरविली, ती १८५८ चा तह आणि त्यावरील लवादाचे निवाडे तपासून.

मग हे साधन फेकून द्यावे काय? मुळीच नाही! अवश्य हाती घ्या. पण प्रथम सीमा व नावे यांपुढची खूण काढा आणि नुसती भूमी पाहा. मग छायाचित्राची तारीख वाचा. लगतचे तुकडे निरनिराळ्या वर्षांचे असू शकतात. जुनी छायाचित्रे उघडून नदीचे पात्र कोठून कोठे सरकले ते पाहा. इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून आहे, त्याच्याशी ताडा.

सीमेवरच्या माणसाला रेघेची किंमत आम्ही काय सांगावी? नकाशा हा केवळ साक्षीदार. त्याची उलटतपासणी न घेता जो मान तुकवितो, तो आपला खटला आपणच हरतो!