कयाधूचा दगड उलटून पाहा

दसरा उरकला, कयाधूचे पाणी नितळले की एक काम करा. वाहत्या धारेतला वीतभर दगड उचला आणि पालथा करा. खालच्या अंगाला वाळूचे कण चिकटवून केलेली इवलीशी नळी दिसली, तर ती टरफल समजून टाकू नका. आत अळी आहे. तोंडातून रेशीम काढून तिने पाण्याखाली हे घर बांधले आहे. तुती लावणाऱ्यांना नवल वाटायला नको, कारण पतंग-फुलपाखरे हे या किड्याचे सगळ्यात जवळचे भाऊबंद. फरक इतकाच, की त्यांच्या पंखांवर खवले, याच्या पंखांवर केस. म्हणून शास्त्रात नाव ट्रायकोप्टेरा, म्हणजे केसाळ पंखांचे. इंग्रजीत कॅडिसफ्लाय. रात्री दिव्यावर येतो, पंख कौलारू छपरासारखे मिटून बसतो. तुमच्या तुरीचे, हळदीचे तो काही खात नाही. त्याच्यासाठी पंप उचलू नका.

अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत याच्या जाती आहेत, सुमारे सतरा हजार. भारतात बाराशेच्या वर. फर्नांड श्मिड या स्विस शास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास आपल्या डोंगरांतून हिंडून शेकडो जाती नोंदवल्या. पण बहुतेक नोंदी हिमालयातल्या, ईशान्येकडच्या नि सह्याद्रीतल्या. मराठवाड्याकडे कोण येतो? पाऊस संपला की आटणारे आपले ओढे कोणाला मोलाचे वाटले नाहीत.

आता मुद्द्याचे. मोठ्या मानाने याचे दोन गट. एक नळीचे घर पाठीवर घेऊन फिरणारा, दुसरा दगडाला जाळे बांधून धारेतला गाळसाळ अडवून खाणारा. जाळेवाल्यांतला हायड्रोसायकिडी हे कुळ थोडीफार घाण सोसते. बाकीचे बरेच सोसत नाहीत. म्हणून नुसते ‘किडे आहेत’ म्हणून भागत नाही, कोणते आहेत हे पाहावे लागते. गावाच्या वरच्या अंगाला सगळे प्रकार आणि गटाराच्या खाली एकटे जाळेवाले उरले, तर मधे काय मिसळले ते आपले आपल्याला ठाऊक असते. एकाच दिवशी दोन्हीकडे पाहा मात्र. आज इथे नि महिन्याने तिथे, असे केले तर उन्हाने आटल्याचा दोष गटाराला लागायचा. फवारणीचे डबे धारेत धुणे आणि वाळूचा बेसुमार उपसा, या दोन्हींचा मार याच किड्यावर आधी पडतो. वाळूच गेली तर घर कशाचे बांधणार?

सरपंच नि ग्रामपंचायत अधिकारी यांना एक विचारायचे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समिती नि नोंदवही आली. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा लिहिण्याची एकच धांदल उडाली. मी पाहिलेल्या एका नोंदवहीत वड, पिंपळ, कडुनिंब, मोर, ससा. नदीचे पान कोरे! शेजारच्या गावची यादी उतरवून काढली की असेच व्हायचे.

शाळेतली सातवी-आठवीची पोरे, एक पांढरे ताट, जुना कुंचला, एवढ्यावर हे पान भरते. अळ्या स्पिरिटच्या बाटलीत ठेवा, वर गाव, ठिकाण नि तारखेची चिठ्ठी लावा. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे पत्र टाकून विचारा. आणि दगड पाहून झाला की जसा होता तसाच परत ठेवा.