आखाड तळला का?

दिवाळीच्या अंकात आषाढाची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. हातात चकली असली की मला कापणी आठवते. दोघी एकाच कढईतल्या. पण चकलीची काळजी वाहायला आज सारे जग आहे. ती दुकानात बारा महिने मिळते, खोक्यांत बसून परदेशीही जाते. कापणीला मात्र कोणी वाली उरला नाही.

माझे माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीचे. साताऱ्यात आषाढ लागला की बायका एकमेकींना विचारीत, "आखाड तळला का?" या वाक्यातली गंमत मराठी शिकवू लागल्यावर माझ्या ध्यानात आली. पुऱ्या तळतात, कडबोळी तळतात. येथे सबंध महिनाच कढईत! बाहेर पावसाची झड लागलेली, पुढे श्रावणातले उपास उभे. त्याआधी तिखटमिठाच्या पुऱ्या, कडबोळी आणि गुळाच्या कापण्या व्हायच्याच. बेंदराला कडबोळी बैलांच्या शिंगांतही जात. नवी सून पहिल्या आखाडाला माहेरी येई. पुढच्या वर्षांपासून ती येवो न येवो, डबा तिच्या सासरी पोचे.

सांगलीला सासरी आले तो तेथे कांदेनवमीचा थाट! आषाढ शुद्ध नवमीला कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, वांग्याचे भरीत. दोन दिवसांनी एकादशी, तेथून चातुर्मास; मग कांदा, लसूण, वांगे थेट कार्तिकापर्यंत बंद. सासूबाईंनी हे अखेरपर्यंत पाळले. आमच्या घरी आता नवमी पाळतात, चातुर्मास पाळत नाहीत. दशमीला सकाळी पोह्यांत कांदा असतोच. असे असता नवमीच्या भज्यांना पूर्वीची चव येत नाही, म्हणून तेलाला दोष देतो!

ज्यांच्या घरी सामिष चालते त्यांची पंगत आषाढी अमावस्येला. ही आमची दिव्याची अवस. समया घासून पुजायच्या, कणकेचे दिवे उकडायचे. त्याच दिवसाला आता पोरेसोरे 'गटारी' म्हणतात. हा शब्द 'गताहार' पासून आला असा निरोप दरवर्षी मोबाईलवर फिरतो. मला ती व्युत्पत्ती मागाहून नेसवलेल्या सोवळ्यासारखी वाटते. तळणाची किंवा मटणाची ही ओढ एकट्या आपली नव्हे. गोव्यातले ख्रिस्ती लोक चाळीस दिवसांच्या उपासकाळाआधी इंत्रूज साजरा करतात, आणि इंग्लंडात त्याच सुमारास घरातली अंडी-लोणी संपवायला धिरडी घालीत.

असो. सांगत होते कापण्यांचे. लग्नानंतर दर आषाढात आईचा डबा साताऱ्याहून कोणा ना कोणाबरोबर सांगलीला येई. तीन वर्षांपूर्वी आला नाही. आई ओट्याजवळ पडली, उजवे मनगट मोडले. तिचे वय ब्याऐंशी. मी फोन केला, "आई, मीच करते. गूळ किती घ्यायचा?"

"कणीक मागेल तेवढा."

"आणि पाणी?"

"गूळ विरघळेल इतकं. त्यात काय विचारायचं?"

मला राग आला. आमच्या सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापे देऊन कितीतरी नवख्या मुलींचे संसार तारले, आणि माझी आई कणकेला बोलायला लावीत होती! कणीक मागते म्हणून मी गूळ घालीत गेले. पहिला घाणा तेलात सोडला तो विरघळून तळाशी बसला.

पुढच्या रविवारी साताऱ्याला गेले. आई पाटावर बसली, हात गळ्यात बांधलेला. डाव्या हाताच्या दोन बोटांनी गोळा दाबून पाही आणि "अजून घट्ट" म्हणे. मी शेजारी वाटी आणि वही घेऊन बसले. चार वाट्या कणीक, चार चमचे कडकडीत तेलाचे मोहन, दीड वाटी चिरलेला गूळ, वाटीला थोडे कमी पाणी. गुळाचे पाणी गाळून, गार करून घालायचे. चिमूटभर मीठ, सुंठ, वेलदोडा. गोळा घट्ट हवा. जाडसर लाटून वर खसखस पेरायची, पुन्हा हलके लाटणे फिरवायचे, म्हणजे ती तेलात सुटत नाही. मग तिरक्या कापायच्या आणि मंद आचेवर तांबूस तळायच्या.

घाणा उतरला. आईने एक मोडून पाहिली, मान हलविली. मग वहीकडे पाहत म्हणाली, "लिहिलंस ना सगळं? बरं झालं. आता मला विचारायला नको."

मी काही बोलले नाही. डबा भरून निघाले.

या आषाढात वही ओट्यावर उघडी ठेवली, कणीक मोजली, मोहन घातले, आणि साताऱ्याला फोन लावला.

"आई, गूळ किती घेऊ ग?"

"अग, कणीक मागेल तेवढा."