जर्किन घेतलं, उजेडाचं काय?

ब्रिटनला किंवा कॅनडाला शिकायला निघालेल्या मुलाची बॅग भरताना घरात सगळी चर्चा थंडीची असते. थर्मल, लोकरीचे मोजे, कानटोपी, तिकडे महाग मिळतात म्हणून दोन जर्किनं, आणि कोपऱ्यात कोंबलेले डिंकाचे लाडू. ही तयारी इतकी चोख होते की तिकडच्या हिवाळ्यात थंडीखेरीज आणखीही काही बदलतं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. २१ डिसेंबरला पुण्यात सातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे आपला वर्षातला सगळ्यांत लहान दिवससुद्धा ११ तासांचा. त्याच दिवशी लंडनमध्ये सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. एडिंबरात तर जेमतेम सात तासांचा दिवस, तोही बऱ्याचदा ढगांआडचा. तिथल्या हिवाळ्यात मन खचतं त्यात थंडीपेक्षा या उजेडाच्या तुटवड्याचा वाटा मोठा असतो, आणि त्याची तयारी जर्किन घेण्याइतकी सोपी असूनही आपण ती करत नाही, असं माझं मत आहे.

या दुखण्याला वैद्यकात नाव मिळालं ते १९८४ मध्ये. जोहान्सबर्गच्या लख्ख उन्हातून अमेरिकेत आलेले मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. दर हिवाळ्यात खिन्न होणारे आणि वसंतात आपोआप सावरणारे असे हे लोक. या नैराश्याची लक्षणं मुद्दाम समजून घेण्यासारखी आहेत, कारण ती आपल्या ओळखीच्या नैराश्याच्या उलटी असतात. झोप उडालीय, घास उतरत नाही, माणूस वाळत चाललाय, असं असलं की आपल्या घरांत लगेच काळजी सुरू होते. इथे मात्र माणूस दहा-दहा तास झोपतो, भात, ब्रेड आणि गोडधोड जास्त खातो, वजन वाढतं. पुण्यातल्या आईला व्हिडिओ कॉलवर दिसतं काय, तर गाल भरलेत, झोप पूर्ण होतेय, जेवण व्यवस्थित चाललंय. ‘मानवलं हो तिकडचं पाणी’ असं म्हणून ती निर्धास्त होते. सकाळचं लेक्चर सलग तिसऱ्या आठवड्यात बुडालंय आणि मित्रांच्या मेसेजना उत्तर द्यायचीही उमेद उरलेली नाही, हे कॉलवर दिसत नाही.

उजेड कमी म्हणजे किती कमी, हे डोळ्यांना कळत नाही, कारण डोळे फार लवकर जुळवून घेतात. दिव्यांनी उजळलेल्या वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. बाहेर मळभ असलं तरी त्याच्या कितीतरी पट, हजारांत; आणि स्वच्छ उन्हात लाखाच्या घरात. सकाळचा प्रखर प्रकाश शरीराच्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याचा इशारा देतो, तो ट्यूबलाइटकडून नीटसा मिळत नाही. नॉर्वेतल्या र्‍युकान गावाने हे फार पूर्वी ओळखलं होतं. डोंगरांच्या कुशीतल्या या गावावर सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत सूर्यकिरण पडतच नाहीत. म्हणून तिथल्या कारखानदार कंपनीने १९२८ मध्ये चक्क रोपवे बांधला, लोकांना वर जाऊन ऊन खाता यावं एवढ्यासाठी. २०१३ मध्ये डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले गेले. ते सूर्याबरोबर फिरतात आणि खालच्या चौकात उन्हाचा एक तुकडा पाडतात. त्या तुकड्यात लोक खुर्च्या टाकून बसतात. हिशेबी कारखानदाराने उन्हावर पैसे खर्च करावेत, याहून वेगळी साक्ष कशाला हवी?

तरी आक्षेप आहेत, आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेत ३४ हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली; तीत नैराश्याचा ऋतूशी किंवा उजेडाशी संबंध आढळला नाही. ब्रिटनची ‘नाइस’ ही मार्गदर्शक संस्थाही प्रकाशोपचाराचा पुरावा अनिश्चित मानते. मात्र सगळ्या समाजाची सरासरी काढली की थोड्यांचं दुखणं तीत बुडून जातं. हिवाळा प्रत्येकाला खचवतो, असा दावा मीही करत नाही. २००६ च्या कॅनडातल्या चाचणीत, हिवाळी नैराश्य असलेल्याच रुग्णांवर सकाळचा प्रकाश आणि फ्लुओक्सेटिन हे औषध यांचा परिणाम जवळपास सारखा दिसला. दुसरा आक्षेप आपल्याकडचा: ‘उजेडबिजेड काही नाही, घरची आठवण येते.’ येतेच. पण घरची आठवण सप्टेंबरात, पोचल्या पोचल्या सगळ्यांत जास्त छळते. ज्याची ती वेळ सरलेली असते, मित्र झालेले असतात, तोच मुलगा ऑक्टोबरअखेर ब्रिटनमधली घड्याळं तासभर मागे गेल्यावर मिटत जात असेल, तर दोष एकट्या आठवणीवर ढकलता येत नाही. शिवाय दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात: अंधार पडला म्हणून बाहेर जायचं नाही, बाहेर नाही म्हणून माणसं नाहीत.

उपाय कंटाळवाणे वाटावेत इतके साधे आहेत. उठल्यावर तासाभरात, मळभ असलं तरी, अर्धा तास बाहेर चालायचं. खोली निवडताना तळघरातली स्वस्त खोली टाळता आली तर टाळायची. रात्रपाळीचं काम घेताना सकाळचा उजेड झोपेत जाणार हे धरून चालायचं. दहा हजार लक्सचा दिवा मिळतो, त्याच्यासमोर सकाळी अर्धा तास बसायचं. मात्र डोळ्यांचा विकार किंवा बायपोलर आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दिव्यावरच सगळं सोपवू नये, हेही तितकंच खरं. व्हरमाँटच्या केली रोहन यांच्या अभ्यासात हिवाळ्याकडे बघण्याची आणि वागण्याची सवय बदलणारी समुपदेशनाची पद्धत त्या हिवाळ्यापुरती दिव्याच्या बरोबरीची ठरली आणि पुढच्या हिवाळ्यांत सरस. अंथरुणातून उठणंच अशक्य होत असेल, जगणं नको वाटत असेल, तर मात्र फिरायला जा म्हणणं पुरेसं नाही. विद्यापीठाचा समुपदेशक किंवा जीपी, म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर, त्याच दिवशी गाठायला हवा.

राहता राहिले इकडचे आईवडील. आपला फोन बहुधा जेवणं आटोपल्यावर, रात्री साडेनऊला जातो. तेव्हा लंडनमध्ये चार वाजलेले असतात आणि डिसेंबरात तिथे अंधार पडू लागलेला असतो. मुलगा पांघरुणात बसून बोलतो, आपण ‘जेवलास का, अंगभर घालतोस ना’ विचारतो. तोच फोन संध्याकाळी साडेपाचला केला तर तिकडे दुपारचे बारा असतात. ‘जर्किन घाल आणि बाहेर चालता चालता बोल’ असं तेव्हा सांगता येतं.