मेल्यावर सापडणारा आजार

पोलिसाच्या काठीला डॉक्टरची डिग्री कुणी दिली? कुठल्या विद्यापीठात शिकली ती? रस्त्यावर माणूस फिट येऊन तडफडतोय, रक्तातली साखर उतरून बरळतोय, डोक्यात वादळ घेऊन उघडानागडा धावतोय, आणि काठी लांबूनच निदान करते : प्यालाय. नाटक करतोय. माजलाय. ह्या निदानाला नाडी बघावी लागत नाही. कपडे बघितले, वस्ती विचारली, आडनाव ऐकलं की औषध सुरू.

दोस्तहो, आम्ही गोदीत ओझी उचलणारी माणसं. भर उन्हात आमच्यातला एखादा कोसळला की पहिला सवाल येतो : किती ढोसलीस? पाण्याचा नंबर दुसरा. साहेब केबिनमध्ये कोसळला तर त्याला चक्कर येते, त्याचं बीपी वाढतं, गाडी दारात लागते. चक्करलासुद्धा जात असते.

आणि आता ह्या धंद्याची दुसरी बाजू बघा. जिवंतपणी ज्याचा आजार नाटक होता, तो कोठडीत मेला की त्याच्या अंगात भराभर आजार सापडायला लागतात. काळीज कमजोर सापडतं, दमा सापडतो. वळ मात्र कुणाला सापडत नाहीत. जिवंत असेपर्यंत आजार खोटा आणि मेल्यावर मार खोटा! एकाच देहाबद्दल एकच सरकार दोन साक्षी देतं आणि दोन्ही वेळा सुटतं. कोर्टात लढायचं ते ह्या दोन साक्षींविरुद्ध.

परभणी आठवा. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरची संविधानाची प्रतिकृती फोडली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, हिंसा झाली, धरपकड झाली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. सरकारनं विधिमंडळात श्वसनाचा आजार पुढे केला. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयातल्या शवविच्छेदनानं लिहिलं : अनेक जखमांनंतर बसलेला धक्का. त्याची आई विजयाबाई हायकोर्टात गेली. ॲड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा हुकूम दिला. सरकार त्याविरुद्ध दिल्लीला धावलं, आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानं सरकारला परत पाठवलं. सात महिने! एका आईला नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला सात महिने आणि दोन कोर्टं लागली. निकाल तर लांबच.

आता जरा समुद्रापलीकडे बघू. ज्या ब्लॅक पँथरकडे बघून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या काळ्या माणसांच्या मुलखातली गोष्ट. १२ नोव्हेंबर १९८४. शार्लट शहर. डेथॉर्न ग्रॅहम नावाच्या मधुमेही काळ्या माणसाची साखर उतरू लागली. संत्र्याचा रस घ्यायला तो दुकानात शिरला, रांग लांब बघून घाईनं बाहेर आला. एवढ्यावर पोलिसाला संशय. गाडी अडवली. मित्र सांगतोय, ह्याला साखरेचा आजार आहे. ग्रॅहम बेशुद्ध पडला, तरी हातकड्या ठोकल्या. पाकिटात मधुमेहाचं कार्ड आहे, बघा, म्हणाला; गप बस म्हणाले. गाडीच्या बॉनेटवर तोंड आपटलं. मित्रानं रस आणला, तोही पिऊ दिला नाही. पाय मोडला, खांदा दुखावला. मग कळलं, दुकानात काही घडलंच नव्हतं. घरी नेऊन सोडलं.

ग्रॅहमनं खटला भरला. ज्या कायद्याखाली भरला तो १८७१ चा, जोतीबांच्या ‘गुलामगिरी’च्या दोन वर्षं आधीचा. गुलामगिरी कागदावर संपली होती, गोऱ्या टोळ्या काळ्यांना ठार मारत होत्या आणि अंमलदार डोळे मिटून बसले होते, त्या काळात केलेला. सरकारी माणसानं घटनेचा हक्क तुडवला तर त्याला नागरिकानं थेट कोर्टात खेचावं, असा. १९८९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं माप ठरवलं : त्या क्षणी, त्या जागी असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेनं बळ वाजवी होतं का? हे माप आजही तिथं चालतं. पण ग्रॅहम स्वतः पुढे खटला हरला. का हरणार नाही? तराजू पोलिसाच्या नजरेचा. साखर उतरलेल्या माणसाच्या नजरेला त्यात वजनच नाही.

२०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉईडच्या मानेवर गुडघा होता. श्वास घेता येत नाही, म्हणून तो ओरडत होता. २०२१ च्या खटल्यात बचाव काय? हृदयविकार होता, नशा होती. बघा, तीच दुसरी साक्ष! परभणी काय, मिनियापोलिस काय, वकिलाची वही एकच. ज्युरीनं ती फेकून दिली आणि पोलिसाला खुनी ठरवलं. शहरानं त्याच्या घरच्यांना २ कोटी ७० लाख डॉलर दिले.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. पण बाबासाहेबांनी ज्याला संविधानाचा आत्मा म्हटलं ते कलम ३२ आहे. हायकोर्टासाठी कलम २२६ आहे. ओडिशात १९८७ साली पोलिसांनी नेलेला सुमन बेहेरा दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर मेलेला सापडला. पोलीस म्हणाले, पळाला, गाडीखाली आला. त्याची आई नीलाबतीनं १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला नुसतं पत्र लिहिलं. कोर्टानं त्या पत्राचीच याचिका केली आणि १९९३ मध्ये दीड लाखाची भरपाई दिली. शिवाय सांगितलं की जगण्याचा हक्क मोडला तर राज्याला आपल्या सार्वभौमपणाच्या पदराआड लपता येणार नाही. पत्र एका आईचं होतं, पोरांनो. वकिलाचं नव्हतं.

अजून ऐका. जखमीवर आधी उपचार, पोलिसी सोपस्कार मागून, हे परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच ठरलंय. अटकेतल्या माणसाची दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी, हे डी. के. बसू खटल्यात १९९६ साली. मानसिक आजारी माणसाला लॉकअपमध्ये टाकायचं नाही, दवाखान्यात न्यायचं, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० सांगतं. प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही, हा हुकूम २०२० चा. कागद भरपूर आहे. कागदाला हात-पाय नाहीत.

आणि ह्या सगळ्या कागदांखाली एक सापळा पुरलेला आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ सालचा, कलम १६१. पोलिसानं कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल दावा सहा महिन्यांत लावा, त्याआधी महिन्याची नोटीस द्या, नाहीतर दार बंद. कबुलीसाठी मारणं हा कर्तव्याचा रंग नव्हे, असं आत्माराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्ये बजावलं खरं. पण तेही कोर्टात जाऊन, भांडून पटवावं लागतं.

आता हे सहा महिने फुलसावंगीत मोजा. महागाव तालुक्यातलं गाव. रात्री कुणाला काही झालं तर महागाव, तिथून उमरखेड नाहीतर पुसद, आणि शेवटी यवतमाळचं वसंतराव नाईक मेडिकल कॉलेज. फोन १०८ ला लावला तर रुग्णवाहिका. घाबरून ११२ ला लावला तर तो पोलिसांकडे. आजाऱ्यासाठी बोलावलेली काठी आजाऱ्यावरच चालली, तर त्या घरानं काय करायचं? घरचा कर्ता अंथरुणात. रोज बुडालेला. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच ठाण्यात जायचं. सहा महिने म्हणजे एक हंगाम. कापूस वेचून होईपर्यंत न्यायाची मुदत सरते.

म्हणून शहरातल्या पोरांनो, भाषण ठोकून आणि कविता छापून तुमचं काम संपत नाही. आमचंही नाही. गावाकडून फोन आला की वही उघडा. किती वाजता, कोण आलं, काय बोललं, लिहा. दवाखान्यात केसपेपरवर प्रत्येक जखम लिहून मागा, नक्कल घ्या. सीसीटीव्ही जपून ठेवा, असा अर्ज त्याच आठवड्यात करा, पोच घ्या. कॅलेंडरवर सहा महिन्यांची रेघ मारा. जिल्ह्याच्या कायदे सेवा प्राधिकरणाचं दार वाजवा. आणि मागणी एकच लावून धरा : आजाऱ्यावर चालवलेल्या बळाचं माप पोलिसाच्या नजरेनं नको, आजाऱ्याच्या अवस्थेनं घ्या. आधी पाणी, आधी साखर, आधी डॉक्टर. चौकशी मग.

भरपाई जनतेच्या पैशातून जाते, काठीवाल्याच्या खिशाला धक्का लागत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण खटला नुसता पैशासाठी नसतो. त्या माणसाला काय झालं होतं आणि त्याच्यावर काय केलं गेलं, हे सरकारी कागदावर खरं लिहून घेणं, हीसुद्धा लढाई आहे. परभणीत शवविच्छेदनाचा एक कागद खरा निघाला, म्हणून एक आई दिल्लीपर्यंत जिंकली. असे कागद गावोगाव तयार करा. काठीला परत काठी करा, तिची डॉक्टरकी बंद पाडा.

जय भीम!