विश्लेषण : सीईटीत चमकलेले ‘एम वन’मध्ये का अडखळतात?

बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकात अभियांत्रिकीची जुनी पुस्तके घेणाऱ्यांत प्रथम वर्षाचे नवे विद्यार्थी असतात, तसे गणिताचा बॅकलॉग राहिलेले वरच्या वर्षांचे विद्यार्थीही. बारावीत आणि सीईटीत चांगले गुण मिळवलेली मुले पहिल्याच वर्षी ‘एम वन’, ‘एम टू’मध्ये अडकतात, ती का?

अडचण नेमकी कुठे?

अनेकदा ती नव्या कॅल्क्युलसमध्ये नसतेच. दुहेरी इंटिग्रलचे उदाहरण घ्या. परवलय आणि रेषा यांच्यामधला भाग आधी काढावा लागतो आणि ती कुठे छेदतात, हे वर्गसमीकरण सोडवून ठरते. वर्गसमीकरण दहावीचे, परवलय अकरावीचे. इंटिग्रेशनची सूत्रे पाठ असूनही लिमिट्स चुकतात, त्या इथे.

सीईटीचा काय संबंध?

सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे प्रश्नामागे १०८ सेकंद. चार पर्याय समोर असल्याने इंटिग्रेशन न करताही उत्तर शोधता येते. पर्यायांचे डेरिव्हेटिव्ह काढून ताडून पाहिले की झाले. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत मात्र पायऱ्या मांडाव्या लागतात. शिवाय सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्केच वजन असते. फंक्शन, लिमिट, सातत्य हा कॅल्क्युलसचा पाया मात्र अकरावीतच आहे. बोर्डाची परीक्षा नसल्याने नेमके तेच वर्ष घाईत उरकले जाते.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील फिलिप सॅडलर आणि गेरहार्ड सॉनर्ट यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, महाविद्यालयीन कॅल्क्युलसमधील यशावर शाळेत कॅल्क्युलस शिकण्याचा जेवढा परिणाम होतो, त्याच्या दुपटीहून अधिक परिणाम बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती यांच्या पक्क्या तयारीचा होतो.

डिप्लोमाधारकांचे काय?

थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेणाऱ्यांना पदवीच्या प्रथम वर्षाचे गणित वर्गात मिळतच नाही. समोर येतो तो एकदम ‘एम थ्री’.

मग उपाय काय?

एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात प्रवेशानंतर तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम आहे. त्यातले काही दिवस भाषणांऐवजी पायाभूत गणिताच्या चाचणीला आणि उजळणीला द्यावेत. चाचणीचे गुण निकालात धरू नयेत. कोणाचे काय कच्चे आहे, एवढेच त्यातून कळावे. कनिष्ठ महाविद्यालयांनीही हजेरीपुरती अकरावी थांबवायला हवी.

‘एम वन’ राहिले की मुलगा स्वतःलाच ‘ढ’ ठरवतो आणि घरचे फीचा हिशेब मांडतात. वास्तविक त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. त्याचे एक वर्ष आपण शिकवायचे राहून गेलेलो असतो.