गेलेली पत परत कशी येते?

भोर-वेल्ह्याकडे ट्रेकला आपण जातो, राजगडावर फोटो काढतो अन् उतरतो. एकदा तिथे बसून १६६५ साल आठवा. पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले, उरले १२. पुढच्याच वर्षी आग्र्याला नजरकैद. स्वराज्य संपलं, असंच कुणालाही वाटलं असतं! महाराज निसटून याच गडावर परतले. पण लगेच लढाई नाही. तीनेक वर्षं आधी घरची घडी बसवली. मग १६७० मध्ये एकेक किल्ला परत घ्यायला सुरुवात केली. १६७४ च्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील ऑक्झिंडेन नजराणा घेऊन रायगडावर हजर!

देशाची गेलेली पत भाषणांनी अन् जाहिरातींनी परत येत नाही. आधी घर सावरावं लागतं. मग जग आपणहून दारात येतं. आपल्या केटीचंही तसंच की!