'योग्य चौकशीअंती' या दोन शब्दांचे मोल

न्यायालयाच्या एखाद्या अधिकाऱ्यास 'क्ष' या इसमाला पकडण्याचा हुकूम झाला, त्याने योग्य चौकशीअंती 'य' हाच 'क्ष' होय असे समजून 'य'ला पकडले, तर त्या अधिकाऱ्याने गुन्हा केला असे होत नाही. १८६० च्या दंडसंहितेत अशा आशयाचे उदाहरण होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ खालीही ते कायम आहे. उदाहरण वाजवीच म्हणावे लागेल. गुन्हेगाराच्या मागावर गेलेल्या शिपायाच्या हातून चूक होणारच नाही, असा आग्रह कोणी धरणार नाही. परंतु त्या वाक्याचा सारा भार 'योग्य चौकशीअंती' या दोन शब्दांवर आहे, आणि व्यवहारात नेमके तेच गळून पडतात. शिवाय अधिकाऱ्याची सुटका कायद्याने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवली. बिचाऱ्या 'य'चे पुढे काय झाले, हे लिहावयाचे मात्र राहून गेले.

मध्य प्रदेशाच्या पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसरच्या मराठी मुलखात, मोहगाव आहे. मंडला जिल्ह्यातही मोहगाव आहे. मोहाची झाडे जेथे उदंड, तेथे या नावाचे गाव वसणे स्वाभाविकच. वॉरंटावर नाव, बापाचे नाव आणि गाव एवढाच तपशील असेल, तर एका मोहगावच्या माणसाचे वॉरंट दुसऱ्या मोहगावच्या माणसाच्या दारी जाण्यास कितीसा वेळ लागणार? त्यात भाषेची अडचण. १९५६ च्या पुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, कचेरीत हिंदी. अटकेची कारणे अटक झालेल्यास समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतील एका प्रकरणात, सर्व गुन्ह्यांना लागू करून दिला. पकडलेला माणूस "तो मी नव्हे" असे केव्हा सांगू शकेल? आपल्याला कशासाठी पकडले हे त्याला कळेल तेव्हाच.

याच मुलखाला लागून असलेल्या मुलताई तालुक्यात, चौथिया येथे, सप्टेंबर २००७ मध्ये एका स्त्रीच्या खुनाचा आळ पारध्यांवर आला आणि जमावाने त्यांची वस्तीच पेटवून दिली. तपास अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेला. तेथे तर नावाची गल्लतही झाली नव्हती. जात हीच ओळख ठरली.

आणि हे केवळ जमावच करतो असे नव्हे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ शेतात राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडेखोरांनी हल्ला केला. पाचजण मारले गेले, बलात्कार झाला. जालना जिल्ह्याकडील भटक्या जमातीच्या सहाजणांना पकडण्यात आले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाहीजणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने, फेरविचारानंतर, सहाहीजणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या घरच्या आईने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चार इसमांना ओळखले होते आणि त्यांना अटक करण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते, ही गोष्ट न्यायालयाने ठळकपणे मांडली. साक्षीदार बोट दाखवीत होती एकीकडे. दोर मात्र दुसऱ्यांच्याच गळ्याभोवती आवळला जात होता.

न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. सुमारे सोळा वर्षांच्या कैदेचा हिशेब केला तर दिवसाला पंच्याऐंशी-शहाऐंशी रुपये पडतात. त्यांतील बराच काळ फाशीच्या छायेत गेला, याचा दर कोणत्या कोष्टकात शोधावा?

तरीही हे भाग्यच म्हणावयाचे, कारण भरपाई मागण्याचा हक्क आपल्याकडे कायद्याने दिलेला नाही. १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील होताना बेकायदा अटकेच्या भरपाईचा हक्क आमच्या कायद्यात नाही, असे भारताने लेखी नोंदवून ठेवले. पुढे १९८३ मध्ये, निर्दोष ठरूनही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या रुदुल शहा यांना सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी तीस हजार रुपये देवविले आणि वाट मोकळी केली. परंतु ती न्यायाधीशांच्या सदसद्‍विवेकाने उघडलेली वाट आहे. कायद्याच्या पुस्तकात पाहावे, तर निराधार अटकेबद्दल नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ नुसार जास्तीत जास्त एक हजार रुपये, आणि तेही अटक घडवून आणणाऱ्या फिर्यादीने द्यावयाचे! पोलिसांचा त्यात उल्लेखच नाही.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात जानेवारी २०२० मध्ये संगणकाने चेहरा चुकीचा ओळखल्यामुळे एका गृहस्थास घरासमोर बेड्या पडल्या. त्याने दावा लावला. २०२४ मध्ये शहराने तीन लाख डॉलर तर दिलेच, पण केवळ संगणकाने जुळविलेल्या चेहऱ्यावरून कोणालाही अटक करावयाची नाही, असा नियमही मान्य केला. आम्हांला रकमेपेक्षा तो नियम मोलाचा वाटतो. आपल्याकडेही पोलीस अशी यंत्रे वापरू लागले आहेत, तेव्हा नियम आधी हवा.

दूरच्या मोहगावाची चिंता या किनाऱ्यावर कशाला, असे कोणी विचारील. परकीय अमलात नुसत्या संशयावरून उचलून नेलेल्या माणसांची आठवण येथील अनेक घरांत अद्याप ताजी आहे. त्या घरांना हा प्रश्न पडणार नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात भरपाईची विशिष्ट कायदेशीर तरतूद आणि त्यासाठी विशेष न्यायालये सुचविली आहेत. तो अहवाल संसदेने आता हाती घ्यावा, आणि जेथे 'योग्य चौकशी' झालीच नव्हती असे सिद्ध होईल, तेथे भरपाईचा काही हिस्सा संबंधित अधिकाऱ्याच्या वेतनातून वसूल करण्याची तरतूद कायद्यात घालावी.